पिकअप गाडीवर टपाचे कॅरिअर : घडण, बसवणी व काळजी

शेतमाल पिकविणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो शेतातून घरी व घरून बाजारात सुखरूप नेणे महत्त्वाचे होय. वाशिम जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक असून त्याच्या जोडीने तूर व रब्बीत हरभरा घेतला जातो. मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानक असल्याने जऊळका रेल्वे या नावाने ओळखले जाते. त्याच्या आसपासच्या खेड्यांतून मालेगाव व वाशिम येथील बाजार समित्यांकडे जाणारा माल पूर्वी बैलगाडीने जात असे. आता त्याचा मोठा भाग पिकअप गाडीने जातो. मळणीच्या दिवसांत हौदा पोत्यांनी भरून गेला म्हणजे ताडपत्री, बारदाना, दोर, रिकामे क्रेट, बांबू, पत्रे इत्यादी वस्तू ठेवावयास जागा उरत नाही. त्यासाठी अनेक गाडीमालक केबिनच्या टपावर लोखंडी कॅरिअर बसवून घेतात.

हे कॅरिअर थोड्या खर्चात, गावातील वेल्डिंगच्या दुकानातून सांगाडा तयार करून घेऊन, शेतकऱ्यास स्वतः बसविता येण्यासारखे आहे. तथापि ते कसेही बसविल्यास टपाचा पत्रा फाटतो, पावसाचे पाणी केबिनमध्ये गळते, आणि एखाद्या वेळी संपूर्ण कॅरिअर मालासह रस्त्यावर येऊन पडते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतणारा हा प्रसंग असतो. म्हणून कॅरिअरचा भार गाडीच्या कोणत्या भागावर पडावा आणि तो किती असावा, या दोन गोष्टी प्रथम नीट समजून घेतल्या पाहिजेत.

कॅरिअरने जागा वाढते, ताकद वाढत नाही

गाडीने एकूण किती भार वाहावा हे तिच्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले असते. कॅरिअर बसविल्याने त्या आकड्यात एका किलोचीही वाढ होत नाही. उलट कॅरिअरचे स्वतःचे वजन त्यातून वजा होते. म्हणजे ४० किलोचे कॅरिअर बसविले की हौद्यात न्यावयाचा माल ४० किलोंनी कमी करावयास हवा.

दुसरी गोष्ट उंचीची. वजन जितके उंचावर, तितकी गाडी वळणावर कलंडण्याकडे अधिक झुकते. समजा, गाडी व तिच्यातील माल मिळून २,००० किलो वजन आहे व त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सेंटीमीटर उंचीवर आहे. आता १०० किलोचा माल २१० सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे टपावर, ठेवला तर गुरुत्वमध्य सुमारे ८६ सेंटीमीटरवर जातो. तोच माल हौद्यात ९० सेंटीमीटर उंचीवर ठेवला तर गुरुत्वमध्य जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर सरकतो. सहा सेंटीमीटरचा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु शेतरस्त्याच्या एका बाजूचे चाक खोल चाकोरीत उतरते, तेव्हा गाडी सावरणे वा उलटणे या लहान फरकावर अवलंबून राहू शकते.

यास्तव टपावरील कॅरिअर हे हलक्या व जागा व्यापणाऱ्या वस्तूंसाठीच आहे, असे समजावे. येथे वर्णन केलेल्या कॅरिअरवर ५० किलोपेक्षा अधिक माल ठेवू नये. ५० किलो धान्य मावणाऱ्या तागाच्या रिकाम्या पोत्याचे वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक असते. अशा ६० पोत्यांचा गठ्ठा ३५ किलोंच्या आसपास भरतो. तो व एक ताडपत्री एवढा माल कॅरिअरवर खुशाल न्यावा. सोयाबीनचे भरलेले एक पोते मात्र टपावर ठेवू नये. त्याची जागा हौद्यातच.

टप व हौदा ही दोन वेगळी अंगे

बहुतेक पिकअप गाड्यांत केबिन व हौदा एकसंध नसतात. दोन्ही चॅसिसवर वेगवेगळी बसविलेली असतात. गाडी खाचखळग्यांतून जाताना चॅसिसला किंचित पीळ बसतो; त्या वेळी केबिन एका दिशेने व हौदा दुसऱ्या दिशेने थोडा हलतो. केबिन व हौदा यांच्यामध्ये फट ठेवलेली असते ती याचसाठी.

कॅरिअरचे पुढचे पाय टपाला व मागचे पाय हौद्याला पक्के जखडले तर ही हालचाल अडविली जाते. मग जो भाग नाजूक असेल तो तुटतो. प्रथम टपाच्या पत्र्याला बोल्टभोवती चिरा पडतात, नंतर वेल्डिंगचे सांधे उलतात. पुष्कळ ठिकाणी कॅरिअर वर्षाच्या आत खिळखिळे होते याचे कारण लोखंड हलके होते हे नसून ते दोन अंगांना एकाच वेळी बांधले होते, हे असते.

यावरून नियम असा निघतो की, कॅरिअर संपूर्णपणे हौद्यावर उभे करावे व टपाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. ज्या गाड्यांच्या टपाच्या कडेला पन्हाळ असते, त्यांवर पन्हाळीत पकडणारे तयार कॅरिअर बसविता येते. परंतु ते फक्त टपावरच असावे व त्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे भार टाकू नये. पुस्तिकेत मर्यादा दिलेली नसल्यास टपावर भार न टाकणेच योग्य. टपाच्या पत्र्याला भोके पाडून कॅरिअर बसविण्याची रीत सर्वथा टाळावी. पत्रा पातळ असतो, भोकातून पाणी झिरपते आणि एक-दोन पावसाळ्यांत भोकाभोवती गंज चढतो.

लागणारे साहित्य

प्रथम गाडी सपाट जमिनीवर उभी करून मापे घ्यावीत : हौद्याच्या पुढच्या चौकटीची रुंदी, त्या चौकटीच्या बोल्ट बसविण्याच्या जागेपासून टपाच्या सर्वांत उंच भागापर्यंतचे अंतर, आणि टपाची लांबी. गाडीगाडीत फरक असल्याने शेजाऱ्याच्या गाडीची मापे घेऊन सांगाडा करू नये. सुमारे १४० सेंटीमीटर रुंद व १०० सेंटीमीटर लांब कॅरिअरसाठी पुढील साहित्य पुरते.

१. उभे खांब २ व लांबीच्या मुख्य दांड्या २ : ४० × ४० मिलिमीटर, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी पोकळ नळी. खांबांची उंची गाडीवर मोजून ठरवावी. ती बहुधा १२० सेंटीमीटरच्या जवळपास येते.

२. आडव्या पट्ट्या ५ व कठडा : २५ × २५ मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी. कठडा समोर व दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर उंच असावा.

३. तिरपे टेकू २ : ४० × ४० × ५ मिलिमीटर अँगल.

४. खांबांच्या तळासाठी व चौकटीच्या आतील बाजूसाठी ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या.

५. १२ मिलिमीटरचे बोल्ट, त्यांच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा अंक असलेले. सोबत मोठे वॉशर व आतून नायलॉनची कडी असलेले नट.

६. रेड ऑक्साइड, तेलरंग, आणि नळ्यांची उघडी तोंडे बंद करण्यासाठी टोप्या.

मुख्य दांड्यांसाठी २५ मिलिमीटरची बारीक नळी वापरण्याचा मोह टाळावा. या दांड्या एका टोकाला धरलेल्या व दुसऱ्या टोकाला अधांतरी असतात. त्यामुळे खड्ड्यात आदळताना मालाच्या वजनाच्या कित्येक पट ताण त्यांच्या मुळाशी येतो व बारीक नळी तेथेच वाकते. वरील मापाने केलेल्या संपूर्ण सांगाड्याचे वजन सुमारे ४० किलो भरते. दुकानातून आणण्यापूर्वी ते काट्यावर करून पाहावे व लिहून ठेवावे.

बसविण्याची रीत

वेल्डिंगचे सर्व काम दुकानात, गाडीपासून दूर करून घ्यावे. गाडीवर वेल्डिंग केल्याने ठिणग्या इंधनाच्या टाकीकडे व तारांकडे उडतात, आणि विजेच्या प्रवाहाने गाडीतील नाजूक विद्युत उपकरणे जळण्याचा संभव असतो. क्वचित गाडीवरच टाका मारणे भाग पडले तर बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी.

सांगाडा तयार झाल्यावर दोन माणसांनी तो उचलून हौद्याच्या पुढच्या चौकटीला टेकवून उभा करावा व जागा खडूने आखून घ्यावी. खांब चौकटीच्या भक्कम उभ्या अँगलवर यावेत; नुसत्या पत्र्यावर येऊ नयेत. टप व कॅरिअर यांच्यामध्ये ७ ते ८ सेंटीमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. कॅरिअरचे पुढचे टोक समोरच्या काचेच्या वरच्या कडेपुढे जाऊ देऊ नये.

यानंतर प्रत्येक खांबास चार याप्रमाणे भोके पाडावीत. भोके फक्त हौद्याच्या चौकटीला पाडावीत. चॅसिसला भोक पाडणे वा वेल्डिंग करणे कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण त्या ठिकाणापासून चॅसिसला तडा जाण्याची भीती असते. भोकाच्या कडांना लगेच रेड ऑक्साइड लावावे. चौकटीच्या दुसऱ्या बाजूस ६ मिलिमीटरची पट्टी ठेवून बोल्ट आरपार घालावेत. अशी पट्टी दिल्याने ताण एका बिंदूवर न येता पसरतो.

खांब उभे झाले की तिरपे टेकू लावावेत. टेकूचे वरचे टोक खांबाच्या माथ्याशी व खालचे टोक हौद्याच्या बाजूच्या फळीवरील दांडीस, सुमारे ६० सेंटीमीटर मागे, बोल्टने जोडावे. कॅरिअरचा सारा भार पुढे झुकलेला असल्याने त्याला मागे ओढून धरण्याचे काम हे टेकू करतात. ते वगळल्यास चौकटीचे बोल्ट लवकर सैल पडतात. सर्व नट आधी हाताने लावून सांगाडा सरळ आहे याची खात्री करावी व मगच पान्याने आळीपाळीने आवळावेत.

सांगाडा बोल्टनेच जोडलेला असावा म्हणजे काम नसताना तो दोन माणसांना तासाभरात उतरवून ठेवता येतो. रिकामे कॅरिअर वर्षभर वाहून नेण्यात डिझेल व्यर्थ जाते.

चाचणी

कॅरिअर टपाला लागते किंवा कसे हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. ओल्या चिकणमातीचे लिंबाएवढे चार गोळे करून टपाच्या चार कोपऱ्यांवर, कॅरिअरच्या बरोबर खाली, ठेवावेत. वर २५ किलोचा माल बांधून गाडी सावकाश एखाद्या खाचखळग्याच्या शेतरस्त्यावरून फिरवून आणावी. गोळे वरून दबलेले आढळले तर मोकळी जागा अपुरी आहे किंवा सांगाडा वाकत आहे असे समजून दुरुस्ती करावी. गोळे जसेच्या तसे असतील तर ५० किलोचा माल बांधून पुन्हा तशीच फेरी मारावी.

नवे बोल्ट पहिल्या फेरीत थोडे बसतात. म्हणून पहिल्या ५ किलोमीटरनंतर, पुढे ५० किलोमीटरनंतर व त्यानंतर दर आठवड्यास पाना लावून पाहावा. प्रत्येक नटावर व त्याखालील पट्टीवर मिळून तेलरंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवल्यास नट फिरला आहे हे दुरूनही कळते.

माल बांधणे

भरधाव गाडीस एकदम ब्रेक लागला म्हणजे ५० किलोचा माल ३५ ते ४० किलोच्या जोराने पुढे रेटला जातो. कठडा समोरून असतो तो यासाठी. परंतु कठड्यावरच विसंबून चालत नाही. माल दोन ठिकाणी आडवा व एक ठिकाणी उभा, असा तीन जागी दोराने किंवा रॅचेट पट्ट्याने आवळावा. सुतळी किंवा जुना कुजका दोर वापरू नये. नायलॉनचा दोर ताणल्यावर लांबतो. म्हणून थोडे अंतर गेल्यावर थांबून तो पुन्हा आवळावा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला एक चौरस मीटर सपाट पृष्ठावर समोरून सुमारे साडेसात किलोचा दाब पडतो. वेग ताशी ८० झाला की हा दाब दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ३० किलो होतो. वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व ५ जून २०२५ पासून तो पूर्ण लांबीने वापरात आहे. गावच्या रस्त्यावर जो माल हलतही नाही, तो अशा वेगाच्या रस्त्यावर उडून जाऊ शकतो. रिकामे क्रेट एकमेकांत बसवून त्यांवर जाळी आवळावी. ताडपत्रीची घडी तोंड मागे करून ठेवावी. पत्रे तर टपावर उघडे नेऊच नयेत; ते हौद्यात आडवे ठेवून वर वजन द्यावे.

लांब नळ्यांचा प्रश्न

हरभऱ्याच्या हंगामात तुषार सिंचनाच्या नळ्या एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवाव्या लागतात. या नळ्या बहुधा ६ मीटर लांब असतात. लहान पिकअप गाडीची एकूण लांबी ५ मीटरच्या आसपास असते. म्हणजे नळी कॅरिअरवर आडवी टाकली तरी ती गाडीबाहेर निघणारच. तिरपी ठेवल्यानेही फरक पडत नाही. एक टोक सव्वा मीटर उंच केले तरी ६ मीटरची नळी जमिनीवर सुमारे ५ मीटर ८७ सेंटीमीटर जागा घेतेच.

बाहेर निघालेली नळी रात्री मागच्या दुचाकीस्वारास दिसत नाही. म्हणून सार्वजनिक रस्त्यावरून अशा नळ्या नेण्यासाठी लांब हौद्याची मालमोटार भाड्याने घ्यावी व एकाच फेरीत सर्व संच हलवावा. पाइपलाइनसाठी नवी नळी विकत घेताना, जेथे चालत असेल तेथे ३ मीटर लांबीची घ्यावी; ती हौद्यात व कॅरिअरवर सहज बसते.

शेतात वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली कॅरिअरवरचा माल चढवू किंवा उतरवू नये. टपावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील लोखंडी वा ॲल्युमिनियमची नळी, अथवा ओला बांबू, उभा होताच तारेस लागू शकतो. गाडी तारांपासून दूर उभी करावी आणि नळी नेहमी आडवीच धरावी. तसेच कॅरिअर व मालासह गाडीची उंची मोजून तो आकडा केबिनमध्ये समोर लिहून ठेवावा. रेल्वेखालील भुयारी मार्गाच्या कमानीपाशी व झाडांच्या फांद्यांखाली तो उपयोगी पडतो.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निर्णयात या कलमाचा असाच अर्थ स्पष्ट केला. यास्तव लोखंड विकत घेण्यापूर्वी आखणीचा कागद घेऊन वाशिम येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी, आणि विमा कंपनीसही लेखी कळवावे. तसे न केल्यास योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीच्या वेळी किंवा अपघातानंतर विम्याच्या मागणीच्या वेळी अडचण येण्याचा संभव असतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये, मर्यादेहून अधिक भार वाहिल्यास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये अशा दंडाची तरतूद आहे. माल बाजूंनी, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यासही २०,००० रुपये दंड सांगितला आहे. कलम १२३ प्रमाणे गाडीच्या टपावर बसून प्रवास करण्यास मनाई आहे. मळणीहून परतणारे मजूर कॅरिअरवर बसताना दिसतात. कॅरिअरची ताकद ५० किलोची, आणि तीही निर्जीव मालाची. त्यावर माणूस बसू देणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

खरिपाच्या मळणीपूर्वी, सप्टेंबर महिन्यात, गावातील पिकअपमालकांना एकत्र बोलावून एका गाडीवर चिकणमातीच्या गोळ्यांची चाचणी करून दाखवावी. जुन्या कॅरिअरपैकी जी टप व हौदा या दोहोंना जखडलेली आहेत ती शोधून त्यांचे टपावरील बोल्ट काढावयास सांगावे. मात्र बोल्ट काढण्यापूर्वी हौद्याकडील खांब व टेकू पुरेसे भक्कम आहेत याची खात्री करून घ्यावी. नसल्यास संपूर्ण कॅरिअर उतरवावे. टपाची भोके बुजवून रंगवून घ्यावीत.

प्रत्येक फेरीपूर्वी गाडीवानाने पाच गोष्टी पाहाव्यात : नटांवरील रेघा जुळतात काय, वेल्डिंगच्या सांध्यांना चिरा नाहीत ना, टपावरील माल ५० किलोच्या आत आहे काय, दोर तीन जागी आवळला आहे काय, आणि गाडीच्या कोणत्याही बाजूने काही बाहेर डोकावत नाही ना. ही पाहणी पाच मिनिटांची आहे. तिची सवय लागली तर माल बाजारात पोहोचेल व रस्त्यावरील इतर माणसेही सुखरूप घरी जातील.